ईएसआयच्या मेडिकल बोर्डाने टक्केवारी कमी दिली तर अपील करावं का, आणि कसं?

इंद्रायणीकाठ | ९ जुलै २०२४

नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारते आहे. तो चाकणला एका प्रेसशॉपमध्ये ऑपरेटर होता, ठेकेदाराच्या पटावर. गेल्या वर्षी सेकंड शिफ्टला पॉवर प्रेसमध्ये उजवा हात सापडला. तर्जनी आणि मधल्या बोटाचं नखाकडचं एकेक पेर गेलं. अनामिका डॉक्टरांनी तार घालून वाचवली, पण ती आता ताठ झाली आहे, वाकत नाही आणि टोकाला काही जाणवतही नाही.

सुदैवाने ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) चालू होतं. ऑपरेशन, ड्रेसिंग, घरी बसल्याच्या काळातले पैसे, याबद्दल माझी काही तक्रार नाही. आता मेडिकल बोर्ड झालं. हात पुढे करायला सांगितला, पेरं मोजली, एक्स-रे पाहिला आणि १६ टक्के कायमचं अंशतः अपंगत्व लिहून दिलं. अनामिकेचा उल्लेख नाही, कारण बोट जागेवर आहे.

पण भाऊ ऑपरेटर आहे हो. त्याला व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) धरता येत नाही. अंगठ्याने जॉ सरकवायचा तर खालून दोन बोटांचा आधार लागतो, तोच राहिलेला नाही. बोल्ट हाताने दोन आटे चढवून मग पाना लावतात, ते दोन आटे त्याला चढवता येत नाहीत. डाव्या हाताने जमवू पाहतो, पण त्या वेगाला कोण कामावर ठेवणार? १६ टक्के म्हणजे त्याची ८४ टक्के कमाईची ताकद शाबूत आहे, असा अर्थ होतो ना? ते मला पटत नाही.

अपील असतं का? कुठे? वकील लागतो का? आणि अपील केलं म्हणून आहे ते बंद तर होणार नाही ना? घरात सगळ्यांना ही शेवटचीच भीती जास्त आहे.

निगडीकर | ९ जुलै २०२४

ताई, वाईट वाटलं वाचून. पण मोठ्या भावाच्या नात्याने सांगतो, पदरात पडलं ते पवित्र मानून घ्या. माझ्या काकांचा नुकसानभरपाईचा दावा इतकी वर्षं रखडला की निकाल लागेपर्यंत काकांमध्ये तो ऐकायचा उत्साह उरला नव्हता. दरमहा काहीतरी येतं आहे, त्यात भावाला दुसरं हलकं काम बघा, सिक्युरिटी किंवा स्टोअर्समध्ये. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही.

प्रेसशॉप | १० जुलै २०२४

निगडीकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी स्वतः अपील केलेला माणूस आहे म्हणून विरोध करतो.

माझा डावा अंगठा. पेर शाबूत, पण सांधा कायमचा आखडलेला आणि टोक बधिर. बोर्डाला अंगठा दिसत होता, म्हणून टक्केवारी किरकोळ. युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्याने हाताला धरून अपील करायला लावलं. अपिलात टक्केवारी जवळपास दुप्पट झाली. वेळ लागला, हेलपाटे झाले, हे खरं आहे. पण ही रक्कम एकदा घेऊन संपणारी नाही, आयुष्यभर मिळणारी आहे. माझं वय तेव्हा तिशीच्या आत होतं. आज कमी पडलेले तीन-चार टक्के पुढची तीस-चाळीस वर्षं कमीच पडत राहतात.

आणि ताई, अपील चालू असताना बोर्डाने दिलेल्या टक्केवारीचे पैसे मला येतच होते. दुसरं काम धरलं म्हणूनही ते बंद होत नाहीत. ठेकेदार सांगेल की कामावर घेतो, पण अपिलाच्या भानगडीत पडू नकोस. हे मला सांगितलं गेलं होतं. अपील ठेकेदाराविरुद्ध नसतंच, त्याच्या खिशातून एक रुपयाही जात नाही. हे त्याला शांतपणे समजावून सांगा.

कामगार_कायदा | १० जुलै २०२४

मी कामगार न्यायालयात वकिली करतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयावर अर्धवट माहिती फार फिरते.

ईएसआय कायदा १९४८ चा. त्याच्या कलम ५४ खाली अपंगत्व किती, कायमचं की तात्पुरतं, हे मेडिकल बोर्ड ठरवतं. कलम ५४-अ मध्ये अपिलाच्या दोन वाटा आहेत. एक, मेडिकल अपील ट्रायब्युनल आणि तिथेही समाधान झालं नाही तर कर्मचारी विमा न्यायालय. दुसरी, बोर्डाकडून थेट विमा न्यायालय. ईएसआय (केंद्रीय) नियम १९५० प्रमाणे मुदत तीन महिने आहे, बोर्डाचा निर्णय तुम्हाला कळवला त्या तारखेपासून. ही तारीख आज कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्यानंतर हायकोर्ट आहे, पण तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील चालतं, टक्केवारीचं गणित तिथे नव्याने मांडता येत नाही. म्हणजे पुरावा जो काही द्यायचा तो खालीच द्यायचा. "बघू पुढे हायकोर्टात" म्हणणारे इथेच गमावतात.

आता टक्केवारी. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात दुखापतींची यादी आहे आणि प्रत्येकीपुढे कमाईच्या क्षमतेचं नुकसान किती टक्के ते छापलेलं आहे. तर्जनीचं एक पेर ९, मधल्या बोटाचं एक पेर ७. बेरीज १६. बोर्डाने तुमच्या भावाला नेमकं हेच दिलं आहे. यादीपुरतं बघितलं तर चूक काढता येत नाही. पण परिशिष्टाच्या शेवटी एक टीप आहे, ती फार कमी लोक वाचतात: यादीतल्या एखाद्या अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल, तर तो अवयवच गेला असं धरायचं.

तुमचं अपील या टिपेवर उभं राहतं. अनामिका जागेवर आहे पण तिचा उपयोग शून्य असेल, तर ती गेली असं धरून आणखी ७ टक्के. आणि तर्जनी व मधलं बोट उरलेल्या पेरांसकट निकामी आहेत हे दाखवता आलं, तर एका हाताची तीन बोटं जाणं याला यादीत ३० टक्के आहेत. मात्र आशा लावून ठेवू नका, टिपेत "पूर्णपणे" असा शब्द आहे. बोट थोडं वाकत असेल, तिन्ही बोटांनी पाण्याची बाटली धरता येत असेल, तर समोरचा पक्ष तेच दाखवणार. तेव्हा मग त्या कडकपणाचं यादीबाहेरची दुखापत म्हणून वेगळं मूल्यांकन मागायचं.

उजवा हात आहे म्हणून जास्त मिळेल, असं समजू नका. यादीत उजवा-डावा भेद नाही.

वकील सक्तीचा नाही, पण घ्या. फीची चिंता असेल तर शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगार मोफत वकिलाला पात्र आहे आणि त्या गटाला उत्पन्नाची अट नाही. अपंग व्यक्तीलाही तोच हक्क आहे. लोकांना हे माहीत नसतं आणि मग मंगळसूत्र गहाण टाकून फी भरतात.

इंद्रायणीकाठ | १० जुलै २०२४

इतकं स्पष्ट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार, दोघांचेही. निगडीकर दादा, तुमचंही पटतं, पण भाऊ एकोणतीस वर्षांचा आहे.

एक विचारते. १६ आणि २३ किंवा ३० यात पैशाचा फरक किती पडतो? त्याचा सरासरी रोज ६०० रुपये धरला आहे असं कागदावर आहे.

कामगार_कायदा | ११ जुलै २०२४

पूर्ण दर म्हणजे सरासरी रोजाच्या ९० टक्के, म्हणजे ५४० रुपये. त्याचे १६ टक्के ८६ रुपये ४० पैसे रोज, तीस दिवसांच्या महिन्याला २,५९२. २३ टक्क्यांना १२४ रुपये २० पैसे रोज, महिन्याला ३,७२६. ३० टक्क्यांना १६२ रुपये रोज, महिन्याला ४,८६०. भाववाढीनुसार ईएसआय महामंडळ अधूनमधून यात वाढ करतं.

आणि हा ६०० चा आकडाही तपासा. ईएसआयमध्ये ओव्हरटाइम मजुरीत धरला जातो. ठेकेदाराने मूळ पगारावरच वर्गणी भरली असेल तर सरासरी रोज कमी दिसतो. टक्केवारी वाढवून घेतली आणि रोजच कमी राहिला, तर अर्धं काम झालं. अपघाताआधीच्या महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक काढून ठेवा. रोजाचा वाद हा वेगळा अर्ज आहे, कलम ७५ खाली विमा न्यायालयातच जातो.

हस्तोपचार | ११ जुलै २०२४

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हाताच्या दुखापतींवरच काम करते. अपिलात काय दाखवायचं याबद्दल लिहावंसं वाटलं, कारण बहुतेक लोक एक्स-रेची जाडजूड फाइल घेऊन जातात. एक्स-रेत हाड दिसतं. हात काय करू शकतो ते दिसत नाही.

इंद्रायणीकाठ, भावाच्या हाताची कामाच्या दृष्टीने तपासणी करून लेखी अहवाल घ्या. त्यात काय असावं ते सांगते. प्रत्येक सांधा किती अंशांत वाकतो आणि किती सरळ होतो, हे गोनिओमीटरने मोजलेलं असावं. प्रत्येक बोटाचा प्रत्येक सांधा, वेगवेगळा. "बोटं कडक आहेत" असं मोघम वाक्य काही उपयोगाचं नाही. मुठीची ताकद डायनॅमोमीटरवर किलोमध्ये, तीनदा घेऊन सरासरी, दोन्ही हातांची. चिमटीची ताकद वेगळी. जाणूनबुजून कमी जोर लावला तर तीन वेळचे आकडे बहुधा एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे प्रामाणिकपणे केलेल्या चाचणीचं वजन पडतं. भावाला हे आधीच सांगा. पूर्ण जोर लाव, कमी दाखवायला जाऊ नकोस.

मग स्पर्श. डोळे मिटायला लावून बोटाच्या टोकाला कधी एक तर कधी दोन टोकांनी हलकेच स्पर्श करायचा आणि एक की दोन ते विचारायचं. निरोगी बोटाच्या टोकाला पाच-सहा मिलिमीटर अंतरावरची दोन टोकंही वेगळी कळतात. तुमच्या भावाच्या अनामिकेला ती कदाचित कितीही अंतरावर कळणार नाहीत. प्रेसशॉपमध्ये हे महत्त्वाचं आहे. बधिर बोट पत्र्याच्या कडेवर कापलं तरी रक्त दिसेपर्यंत कळत नाही. म्हणजे ते बोट कामाला येत नाही इतकंच नव्हे, ते आड येतं. माझ्याकडे येणारे कित्येकजण काम करताना असं बोट बाजूला उचलून धरतात आणि त्या नादात शेजारच्या चांगल्या बोटाची पकडही बिघडते. भाऊ असं करत असेल तर थेरपिस्टला मुद्दाम दाखवा आणि अहवालात लिहून घ्या. बोटाचा वापर पूर्णपणे गेला, याचा याहून थेट पुरावा नाही.

शेवटी त्याच्या कामातल्या हालचाली. तुम्ही व्हर्निअर आणि बोल्टचं लिहिलंत ते उत्तम आहे. तेच तपासणीच्या वेळी करायला लावा: ठरावीक मापाचे दहा नट हाताने चढवायला उजव्या हाताला किती वेळ लागला, डाव्याला किती. आकड्यात लिहून घ्या. कारखान्यातल्या कामाचं वर्णन मिळालं तर सोबत जोडा. ते बहुधा मिळणार नाही, तर भावाने स्वतःच्या शब्दांत, शिफ्ट सुरू झाल्यापासून हाताने काय काय करावं लागतं ते क्रमाने लिहावं.

आणि उपचार थांबवू नका. अजून वर्षभर हातात सुधारणा होऊ शकते. अपिलासाठी हात तसाच ठेवायचा, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. हात आधी.

इंद्रायणीकाठ | ११ जुलै २०२४

अनामिका उचलून धरतो! जेवताना घासाच्या वेळीही. आम्हाला वाटायचं दुखत असेल म्हणून.

बिबवेवाडी_रहिवासी | १२ जुलै २०२४

ईएसआयचं उपप्रादेशिक कार्यालय आमच्याकडे बिबवेवाडीला आहे. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत नेऊन त्यावर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी विचारपूस करून परत येऊ नका. आयपी नंबर (विमाधारकाचा क्रमांक) प्रत्येक कागदावर.

रांजणगावकर | १३ जुलै २०२४

इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. माझ्या मेव्हण्यांचा पगार २१ हजारांच्या वर, म्हणून ईएसआय नाही. क्रेनच्या हुकात अडकून डाव्या हाताचा पंजा गेला. वय ३५. कंपनीच्या विमावाल्यांच्या डॉक्टरने ३० टक्के लिहिलंय आणि सही करा म्हणतात. आम्ही कुठे जायचं?

कामगार_कायदा | १३ जुलै २०२४

सही करू नका. आधी हे वाचा.

तुमच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३, लोक अजून त्याला वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन म्हणतात. पहिल्या परिशिष्टात एक पंजा जाणं याला ६० टक्के छापलेले आहेत. यादीतल्या दुखापतीला यादीतल्यापेक्षा कमी टक्केवारी कुठलाही डॉक्टर देऊ शकत नाही. ३० चा आकडा कुठून आला ते त्यांना लेखी विचारा.

गणित असं. या कायद्यात पगाराची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० आहे, प्रत्यक्ष पगार जास्त असला तरी तेवढाच धरतात. त्याच्या ६० टक्के म्हणजे ९,०००. पस्तिशीचा गुणक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४०, ही शंभर टक्क्यांची रक्कम. ३० टक्क्यांना ५,३२,०६२ आणि ६० टक्क्यांना १०,६४,१२४. एका सहीवर सव्वापाच लाखांहून जास्त गेले असते.

आणि ६० वरही थांबायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाटा या खटल्यात सुताराचा दावा पाहिला होता. डावा हात कोपराच्या वर तोडावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, असं न्यायालयाने धरलं. जखम किती मोठी, यापेक्षा त्या माणसाचं त्या वेळचं काम आता होतं का, हा प्रश्न त्यात मध्यभागी आहे. मेव्हणे क्रेनवर नेमकं काय करत होते, ते मला सविस्तर लिहून पाठवा. ऑफिसचं काम असेल तर हा मुद्दा चालणार नाही. रिगर (क्रेनला ओझं अडकवणारे) असतील, स्लिंग बांधत असतील, तर जरूर मांडू.

दावा नुकसानभरपाई आयुक्तांपुढे जातो, आपल्याकडे ते काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. मुदत अपघातापासून दोन वर्षं. पैसे महिन्याभरात द्यायला हवे होते, ते दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज. सबळ कारणाशिवाय उशीर केला असेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. आपला डॉक्टर साक्षीला उभा राहायला तयार आहे का, हे प्रमाणपत्र घेण्याआधीच विचारा. नुसतं प्रमाणपत्र जोडून डॉक्टर आला नाही, म्हणून पडलेले दावे मी पाहिले आहेत.

आयुक्तांचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत हायकोर्ट. मालकाला अपील करायचं असेल तर ठरलेली पूर्ण रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करावी लागते, हे त्या कायद्यातलं कामगाराच्या बाजूचं मोठं संरक्षण आहे. आणि वस्तुस्थितीवर शेवटचा शब्द आयुक्तांचाच, हायकोर्टाने टक्केवारी पुन्हा मोजायला बसू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने गोल्ला राजन्नाच्या खटल्यात सांगितलं आहे.

पिंपरीची_लेक | १४ जुलै २०२४

औंधच्या जिल्हा रुग्णालयातून यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) जे टक्के मिळतात ते इथे चालतात का? आमच्या बाबांचे तिथे ४२ आलेत आणि ईएसआयने २० दिलेत. ४२ दाखवून अपील जिंकता येईल?

कामगार_कायदा | १४ जुलै २०२४

ते कार्ड २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं. तिथे शरीराचं अपंगत्व मोजतात आणि ४० टक्क्यांपासून बरेच लाभ सुरू होतात. ईएसआयमध्ये कमाईच्या क्षमतेचं नुकसान मोजतात. म्हणून ४२ आले तर ईएसआयलाही ४२ मिळतील, असं नाही. पुरावा म्हणून जोडा जरूर, पण त्यावर विसंबू नका. कार्ड मात्र काढून ठेवा, एसटीची सवलत, शिक्षण, सरकारी योजना यासाठी ते स्वतंत्रपणे उपयोगी आहे.

भोसरी_एमआयडीसी | १६ जुलै २०२४

माझी केस लहान आहे. अनामिकेचं नुसतं टोक उडालं, हाड नाही. २ टक्के. रोजचे आठ रुपये काहीतरी. ऑफिसात म्हणाले दर कमी आहे, एकरकमी घ्या. उद्या अर्ज भरायला जातोय. पण टोकाला गाठ आलीय आणि नुसता कपडा लागला तरी वीज चमकते.

कामगार_कायदा | १६ जुलै २०२४

उद्या अर्ज भरू नका. एकरकमी रकमेसाठी अर्ज करून पैसे घेतले, की त्या निर्णयावर तुम्हाला अपील करता येत नाही. कलम ५४-अ मध्येच तसं लिहिलेलं आहे.

कार्यालयाने सांगितलं त्यात गैर काही नाही, रोजचा दर फार कमी असला की तशी सोय आहेच. पण तुम्ही म्हणता ती गाठ कापलेल्या नसेची असू शकते. आधी हाताच्या सर्जनला दाखवा, तो काय लिहितो ते पाहू. अपील करायचं नाही असं नक्की ठरलं, की मग खुशाल एकरकमी घ्या.

हस्तोपचार | १६ जुलै २०२४

अगदी बरोबर. अशा गाठीवर इलाज आहे. दाखवायला उशीर करू नका.

प्रेसशॉप | १७ जुलै २०२४

एक प्रश्न राहिलाय. पुढे काही वर्षांनी हात आणखी बिघडला तर? माझा सांधा आता जास्त दुखतो.

कामगार_कायदा | १७ जुलै २०२४

त्यासाठी कलम ५५, फेरतपासणी. दुखापतीचा परिणाम नंतर बराच आणि अनपेक्षितपणे वाढला असेल तर मूल्यांकन पुन्हा होऊ शकतं. पण आधीच्या मूल्यांकनाला पाच वर्षं व्हायला हवीत, त्याआधी जायचं तर अपील ट्रायब्युनलची परवानगी लागते. मूल्यांकन हंगामी असेल तर पाच वर्षांऐवजी सहा महिने. तुमचं जुनं पत्र काढून "हंगामी" की "अंतिम" ते बघा. आणि सांध्याच्या दुखण्यासाठी दवाखान्यात जाल तेव्हा प्रत्येक वेळी केसपेपर घ्या. दुखणं अंगावर काढलंत, तर वाढ झाली हे दाखवायला कागद उरत नाही.

निगडीकर | १७ जुलै २०२४

हा धागा वाचून माझं मत बदललंय. इंद्रायणीकाठ ताई, अपील करा. कार्यालयात चकरा मारायला भावाला सोबत हवी असेल तर मी निवृत्त आहे, येईन.

इंद्रायणीकाठ | २० ऑगस्ट २०२५

मंडळी, बरेच दिवसांनी आले. अपिलाचा निकाल लागला. १६ चे २३ झाले. अनामिका पूर्ण निकामी धरली. तर्जनी आणि मधल्या बोटाबद्दलचं म्हणणं मान्य झालं नाही, ती थोडी वाकतात म्हणून.

सुनावणीत थेरपिस्ट मॅडमचा अहवाल हातात घेऊन एकेक अंश वाचला गेला. दहा नट चढवण्याचा वेळही. समोरून विचारलं गेलं की बोट आहे तर वापर का नाही? भावाने टेबलावरची टाचणी उचलून दाखवायचा प्रयत्न केला आणि अनामिका आपोआप वर गेली. ते अहवालात आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यावर पुढे प्रश्न आला नाही.

फरकाची रक्कम मागच्या तारखेपासून मिळणार आहे. विधी सेवाचे वकील मिळाले, फी शून्य. निगडीकर काका खरोखरच सोबत आले, बिबवेवाडीला आणि सुनावणीलाही. त्यांचे आभार कसे मानू.

३० मिळाले नाहीत याचं भावाला वाईट वाटतंय, मलाही. पण ताठ बोट मोजलंच गेलं नव्हतं, ते मोजलं गेलं.

तळेगाव_दाभाडे | ८ डिसेंबर २०२५

धागा वर काढतो. मार्च २०२५ मध्ये मिस्टरांचा अपघात, आताच नोव्हेंबरअखेर बोर्डाचं पत्र आलं. २१ नोव्हेंबरपासून नवीन लेबर कोड लागू झालेत म्हणे. कारखान्यातले सांगतात आता जुना कायदाच नाही, अपील कशावर करणार? खरं आहे का? (आयडी मिस्टरांचा आहे, लिहिते मी.)

कामगार_कायदा | ८ डिसेंबर २०२५

ताई, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली, हे खरं. पण अपघात मार्चचा आहे. कायदा बदलला म्हणून आधी मिळालेला हक्क पुसला जात नाही. अपील करता येणार नाही, हे चूक आहे. अर्जात जुन्या कायद्याची कलमं लिहा आणि सोबत "तसंच संहितेतील संबंधित तरतुदींनुसार" असंही घाला, म्हणजे नुसत्या कलमावरून कोणी अर्ज परत करणार नाही.

तीन महिने पत्र मिळाल्यापासून मोजा. पत्र ज्या पाकिटातून आलं ते फेकलं नसेल तर जपून ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो. फेकलं असेल तर पोस्टाच्या वेबसाइटवर रजिस्टरच्या नंबरवरून पोचल्याची नोंद काढा, ती फार काळ राहत नाही, आजच काढा.

इंद्रायणीकाठ | ८ डिसेंबर २०२५

ताई, आमच्या अपिलाच्या अर्जाचा मसुदा आणि तपासणीच्या अहवालाचा नमुना आहे माझ्याकडे. व्यक्तिगत निरोप करा, आजच पाठवते. मिस्टरांना कुठे लागलंय आणि ते काय काम करत होते, तेवढं मात्र लिहा.